नामदेवांना कुणी जेवू घातलं?

अमृतसरच्या हरिमंदिरात पहाटे गुरु ग्रंथसाहिब पालखीतून आणतात. सूर्य उगवायच्या आत कीर्तन सुरू झालेलं असतं आणि माणसं ओल्या संगमरवरावरून अनवाणी रांगेत पुढे सरकत असतात. जगभरचे शीख ज्याला आपला चालता-बोलता गुरू मानतात, त्या या ग्रंथात 61 पदं संत नामदेवांची आहेत. हिंगोलीजवळच्या, कयाधूकाठच्या नर्सीचे नामदेव. दामाशेटी शिंप्यांचा मुलगा.

शाळेत हे आपण एका ओळीत वाचतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. मला मात्र या ओळीपाशी थांबावंसंच वाटतं. परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म 1270 सालचा. तो नर्सीचा की पंढरपूरचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. नर्सीकरांच्या मनात नाही. 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. पुढे कधीतरी नामदेव उत्तरेकडे निघाले आणि आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान या गावी येऊन राहिले. तिथे ते पंधरा-वीस वर्षं राहिले असं परंपरा सांगते.

नर्सी ते घुमान हे अंतर आजच्या रस्त्यानं सतराशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पायी, दिवसाला सतरा किलोमीटर धरलं, एकही दिवस आजारपण नाही, नदीला पूर नाही, तरी शंभर मुक्काम होतात. म्हणजे शंभर संध्याकाळी शंभर अनोळखी उंबरठे. बोली दर काही मुक्कामांनी बदलणार. ज्वारीची भाकरी कुठेतरी मागे राहणार आणि पुढे गव्हाची रोटी सुरू होणार. ओळखीची मुद्रा नाही, शिफारसपत्र नाही, खिशात परतीचं काही नाही. त्या काळच्या मराठी माणसाला पंजाब हा परमुलूखच होता. आजच्या जर्मनी-कॅनडापेक्षा जास्तच परका, कारण तिथून घरी निरोप धाडायचा तर कुणीतरी तिकडून इकडे चालत यायला हवं.

मग नामदेवांना जेवू कुणी घातलं? पाणी कुणी दिलं, ओसरीवर जागा कुणी दिली? त्या माणसांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. पण ती होती, नक्की होती, कारण माणूस पोचला.

या प्रश्नाची दुसरी बाजू हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथला, दगडात दिसते. हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. काळ्या पाषाणाचं देऊळ, भिंतींवर शिल्पांचे थरच्या थर, आणि गाभारा तळघरात. अंग चोरून, वाकून, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. परंपरेप्रमाणे नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले ते इथेच. शंकराच्या देवळात नंदी देवासमोर असतो. औंढ्याला तो मागच्या अंगाला आहे. गावातलं लहान पोरही कारण सांगतं: नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना हटकलं, मागे जाऊन गा म्हणाले. ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं.

कथेवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग नामदेवांच्या तोंडूनच गुरु ग्रंथसाहिबात आला आहे. आपण देवळात हसत-खेळत आलो, भक्ती करताना धरून उठवलं, जात हीन म्हणून बाहेर काढलं, मग आपली कांबळी उचलून देवळामागे जाऊन बसलो, असं त्यात ते सांगतात. ही तक्रार देवाकडे आहे आणि ती घरच्या माणसांबद्दलची आहे. आपल्याच मुलखात ज्याला उठवलं, त्याचं ते उठवलं जाणं परमुलखातल्या माणसांनी पवित्र शब्द म्हणून जपलं. मराठवाड्याचा माणूस म्हणून हे वाचताना मला लाज वाटते, आणि पंजाबच्या त्या अनाम माणसांबद्दल ऊर भरून येतो.

जपलं म्हणजे किती काळ जपलं, तेही पाहण्यासारखं आहे. नामदेव गेले ते परंपरेनुसार 1350 च्या सुमारास. गुरू नानकांचा जन्म 1469 चा. गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाचं मूळ रूप, सिद्ध केला 1604 मध्ये. मधली अडीचशे वर्षं एका परक्या शिंप्याची पदं कुणीतरी गात राहिलं, कुणीतरी पोरांना शिकवत राहिलं, कुणीतरी वहीत उतरवून घेत राहिलं. त्या पदांची भाषा उत्तरेची असली तरी अधूनमधून मराठी प्रत्यय डोकावतात. ते प्रत्ययसुद्धा कुणी खरवडून काढले नाहीत. पाहुण्याला एक रात्र ओसरी देणं सोपं. त्याचे शब्द दहा पिढ्या सांभाळणं ही केवढी आपुलकी!

घुमानला नामदेवांचं स्थान आहे. सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी ते बांधलं, आणि महाराजा रणजितसिंगांच्या सासूबाई सदाकौर यांनी तिथल्या तलावाची दुरुस्ती केली अशी नोंद आहे. बोहरदास नावाचा नामदेवांचा शिष्य होता. त्याच्या वंशातली बावा मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्या स्थानाची सेवा करत आली. पंजाबी माघाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमारास, मोठी जत्रा भरते. पंजाबातले शिंपी आणि कापड छापणारे छिंबे नामदेवांना आपला मानतात, अनेक जण आडनावाच्या जागी नामदेवांचंच नाव सांगतात. 2015 च्या एप्रिलमध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरलं, अध्यक्ष डॉ. सदानंद मोरे. खेडंच ते. हजारो मराठी माणसं तिथे जाऊन लंगराच्या, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या सामुदायिक जेवणाच्या, पंगतीला बसली. साडेसहाशे वर्षांपूर्वी एक पाहुणा येऊन राहिला होता म्हणून त्याच्या गावाकडची ही सगळी माणसं आपलीच, असा तो हिशोब.

आता कुणी म्हणेल, ही संतांची गोष्ट झाली. सामान्य प्रवाशाला वाटेत भेटतो तो ठग. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याचा सगळ्यात भयानक दाखला हिंगोलीचाच आहे.

निजामाच्या राज्यात हिंगोलीला लष्करी छावणी होती. 1830 च्या आगेमागे त्या छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर त्याच्याकडे नेहमी देवघेव करायचा. मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. ते कापड खरं तर दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि तो व्यापारी त्या वेळी माल घेऊन वाटेत होता. हरिसिंगाच्या टोळीने त्याला, त्याच्या नोकरांना आणि गाडीवानांना मारलं, माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघड विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतःच कबुली दिली, तेव्हा कुठे हे कळलं. पहाऱ्याच्या चौकीपासून हाकेच्या अंतरावर, भर बाजारात या टोळीने माणसं मारली होती. माफीचे साक्षीदार जागा दाखवत गेले आणि एकेक खड्डा उकरला गेला, तेव्हा टेलर स्वतः हजर होता. 1839 मध्ये आलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हे लिहून ठेवलं आहे. ठगीच्या कहाण्यांना इंग्रज अधिकाऱ्यांनी बरंच तिखटमीठ लावलं, असं आजचे इतिहासकार सांगतात. ते ध्यानात ठेवूनही अंगावर काटा येतो.

ठगांची रीत कशी होती? टोळीत ‘सोठा’ नावाचा माणूस असायचा. त्याचं काम एकच, प्रवाशाशी गोड बोलणं. पुढची वाट धोक्याची आहे, बरोबर चला म्हणणं, चार घास वाटून खाणं, रात्री शेकोटीपाशी गप्पा मारणं. कधी कधी कित्येक दिवस. गळ्यात रुमालाचा फास पडायचा तो त्यानंतर.

इथे मला एक गोष्ट लख्ख दिसते. खोटी नोट तिथेच चालते जिथे खऱ्या नोटा रोज हातोहात फिरतात. वाटेवरच्या अनोळखी माणसाने पाणी द्यावं, सोबत करावी, घास वाटावा, हे त्या रस्त्यांवर इतकं नित्याचं होतं की ठगाला फक्त त्याचा वेश घ्यावा लागला. माणसं माणसांना वाटेत मदत करतच नसती, तर सोठ्याच्या गोड बोलण्याला कोण भुललं असतं? तेव्हा हरिसिंगाच्या कथेतून चांगुलपणा दुर्मीळ होता हे निघत नाही. तो सर्रास होता, हेच निघतं.

आजही तो किती सर्रास आहे, हे मोजून पाहणारी माणसं आहेत. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. 40 देशांतल्या 355 शहरांत संशोधकांनी 17 हजारांहून जास्त पाकिटं ‘हरवली’. भारतही त्यात होता. बँक, हॉटेल, पोलीस चौकी, टपाल कार्यालय अशा ठिकाणी आत जायचं, काउंटरवरच्या माणसाला पाकीट द्यायचं, रस्त्यात सापडलं म्हणायचं आणि घाईत आहोत सांगून निघून जायचं. पाकीट पारदर्शक. आत मालकाचं कार्ड, वाणसामानाची यादी, एक किल्ली. काहींत थोडे पैसे, काहींत काहीच नाही. मालकाला कळवायचं की गप्प बसायचं, हे सगळं त्या काउंटरवरच्या माणसाच्या मनावर.

तुमचा अंदाज काय? पैसे असतील ते पाकीट गडप होईल, हाच ना? अर्थशास्त्रज्ञांनाही निकालाचा अंदाज आला नव्हता. झालं उलटं. रिकाम्या पाकिटांपैकी सुमारे 40 टक्क्यांच्या मालकांना निरोप गेला, पैसे असलेल्यांपैकी सुमारे 51 टक्क्यांच्या. 40 पैकी 38 देशांत कौल असाच. तीन देशांत रक्कम आणखी वाढवून पाहिली, तर प्रमाण 72 टक्क्यांपर्यंत चढलं. आणि मला सगळ्यात भावते ती किल्लीची गोष्ट. काही पाकिटांतून किल्ली काढून ठेवली होती. सापडणाऱ्याला किल्लीचा शून्य उपयोग. उपयोग असलाच तर मालकाला. किल्ली असलेली पाकिटं जास्त परत आली. म्हणजे अमुक एक अनोळखी माणूस आपल्या घराच्या कुलपासमोर खोळंबून उभा असेल, एवढं चित्र त्या काउंटरवरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्याने कळवण्याची तसदी घेतली. कुणी त्याच्यावर पाळत ठेवून नव्हतं.

मग प्रवासात मिळालेली मदत आपल्याला दर वेळी चमत्कारासारखी का वाटते? परक्या शहरात रात्री कुणी आपल्याला पत्त्यापर्यंत आणून सोडलं, भाषा येत नसताना कुणी तिकीट काढून दिलं, तर आपण वर्षानुवर्षं ती गोष्ट सांगत राहतो. याचं उत्तर फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक या दोन संशोधकांनी 2008 मध्ये शोधलं. त्यांनी लोकांना न्यूयॉर्कमध्ये अनोळखी माणसांकडे मदत मागायला पाठवलं. तिघांनी आपला फोन वापरायला द्यावा म्हणून किती जणांना विचारावं लागेल, हे आधी विचारून घेतलं. अंदाज होता दहा. प्रत्यक्षात साधारण सहा जणांतच काम झालं. प्रश्नावली भरून घेण्याच्या बाबतीत तर अंदाजाच्या जवळपास निम्म्यातच काम झालं.

कारण साधं आहे, पण मागणाऱ्याला ते दिसत नाही. मागणारा मोजत बसतो की समोरच्याला किती त्रास होईल. समोरच्याला मात्र तो त्रास क्षुल्लक वाटतो; अडलेल्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं त्याच्या जिवावर येतं. आपल्याकडची कितीतरी माणसं भूक लागली तरी बसमध्ये शेजाऱ्याने पुढे केलेला डबा ‘आत्ताच झालं’ म्हणून नाकारतात. हा संकोच दारिद्र्यातून आलेला असतो, स्वाभिमानातूनही, आणि मला त्याचा आदर आहे. पण त्यामुळे देणाऱ्याचा हात पुढे आलेला असूनही रिकामा राहतो, हेही खरं.

आणखी एक अडसर आहे, घाईचा. 1973 मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या 40 विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला जायचं. वाटेत एक माणूस एका दाराशी कण्हत पडलेला. काहींच्या भाषणाचा विषयच होता वाटेत पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची बायबलातली गोष्ट. विषयाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला वेळेने: ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले 63 टक्के थांबले, ज्यांना उशीर झाला म्हणून पिटाळलं होतं त्यांच्यातले फक्त 10 टक्के. बाकीची माणसं दुष्ट नव्हती, त्यांना पोचायचं होतं.

संकोच, घाई आणि ठगाची भीती. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बसलं की कळतं, या तिन्हींवरचा तोडगा कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी काढून ठेवला आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी गोदाकाठी इथेच देह ठेवला. नर्सीचा माणूस पंजाबात गेला होता, पंजाबचे गुरू नर्सीपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर येऊन कायमचे थांबले. लंगरात मागावं लागत नाही, जमिनीवर पंगतीत बसलं की ताट पुढे येतं. बादलीतून डाळ पडते. रोटी घ्यायला दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची, एक हात चालत नाही. वाढणारा ओंजळीतच ठेवतो. नाव, गाव, जात कुणी विचारत नाही. वाढणारा घाईत नाही, कारण वाढायला म्हणूनच तो घरून आला आहे. तासाभरापूर्वी तो भांडी घासत असेल, तासाभराने कांदे चिरायला बसेल. आणि शेकडो जणांना एकाच कढईतून उघड्यावर वाढलेल्या जेवणात दगा कसला? वाटेवरच्या माणसाची दया ही एखाद्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोडलेली नाही. तिला चूल आहे, वेळ आहे, पाळी आहे.

आपल्या वारीतही हेच चालतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते ती हिंगोली जिल्ह्यातून जाते. गावोगाव लोक चहा, केळी, पिठलं-भाकरी घेऊन रस्त्याकडेला उभे असतात. कोण कुठला वारकरी, पुन्हा दिसेल न दिसेल. नामदेव याच परंपरेत वाढलेले. वाटसरूला घास द्यायचा असतो हे त्यांना घरून ठाऊक होतं. तो घास आपल्याला कुणीतरी देईल हा भरवसा घेऊनच ते निघाले असतील, असं मला मनापासून वाटतं. आणि नांदेडच्या ज्या लंगरात जात विचारत नाहीत, त्याच्या शेजारच्या दरबारात रोज जो ग्रंथ उघडतात, त्यात जात विचारून देवळातून उठवलेल्या शिंप्याचं गाऱ्हाणं आहे. औंढ्यापासून हे ठिकाण फार लांब नाही.

नामदेवांची वाट आज रुळांवरून जाते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस हिंगोलीकरांना पूर्णा किंवा नांदेडला धरावी लागते. पुढे परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, भुसावळ, भोपाळ, दिल्ली. दोन हजारांच्या वर किलोमीटर, दीड दिवसाचा प्रवास. रेल्वे स्थानकांवर सूचना लिहिलेली असते, अनोळखी माणसाने दिलेलं काही खाऊ नका. गुंगीच्या बिस्किटांचे प्रकार होतात, तेव्हा सूचना योग्यच आहे. पण या गाडीला वाटेतल्या ठरावीक स्थानकांवर, परभणीला, जालन्याला, भोपाळला, दिल्लीला, सेवेकरी लंगर घेऊन येतात. गाडी थांबली की डब्यापाशी बादल्या आणि पातेली. कढी-भात, खिचडी, छोले, डाळ-भाजी, जे असेल ते. आरक्षण असो की जनरल डबा, गाडीतला प्रवासी एवढीच ओळख पुरते. गाडीला उशीर झाला तरी ते थांबून असतात, आणि गाडी तर बऱ्याचदा उशिराच येते. वर्षानुवर्षं हे चालू आहे. फुकट मिळतं म्हणून नव्हे, पण खिडकीतून आत आलेलं गरम वाढप हातात घेतल्यावर सातशे वर्षांपूर्वीच्या त्या शंभर उंबरठ्यांचा थोडा अदमास येतो.

घुमानला जायचं असेल तर अमृतसरच्या अलीकडे ब्यासला उतरायचं, तिथून जवळ पडतं. सचखंडचं आरक्षण आधी करून ठेवा, संक्रांतीच्या दिवसांत गर्दी असते. आणि घरून एक ताट-वाटी घेऊन निघा. लंगराचे सेवेकरी अन्न आणतात, भांडं प्रवाशाने पुढे करायचं असतं.